टक्कर आकाशात, शोध जमिनीवर



दिनांक १९ फेब्रुवारी २०१९. बेंगळुरूजवळील येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर ‘एरो इंडिया’ या विमानप्रदर्शनाची तयारी अखेरच्या टप्प्यात आली होती. प्रदर्शनाचे उद्घाटन दुसऱ्या दिवशी व्हावयाचे होते. भारतीय हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाची विमाने सराव करीत असता त्यांतील दोन हॉक विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि जमिनीवर कोसळली. विंग कमांडर साहिल गांधी यांचा या अपघातात मृत्यू झाला. अन्य दोन वैमानिक आसनासह विमानाबाहेर फेकले गेल्यामुळे जखमी अवस्थेत का होईना, पण बचावले. विमानांचे अवशेष नागरी वस्तीलगत पडले.

अशी वार्ता आली की चार दिवस हळहळ व्यक्त होते, आणि नंतर लोकांचे लक्ष दुसरीकडे वळते. ज्यांच्यावर कारण शोधण्याची जबाबदारी असते, त्यांचे काम मात्र त्याच क्षणी सुरू होते. हा शोध कसा घेतला जातो, तो कोठे अडतो आणि गावात राहणाऱ्या सामान्य नागरिकाच्या हातून त्याला बळ कसे मिळते किंवा बाधा कशी येते, याचा विचार केवळ हवाई दलाच्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित नाही. विमान कोसळते ते बहुधा कोणाच्या तरी शेतात, शाळेच्या पटांगणाजवळ किंवा वस्तीच्या कडेला. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्याने जून २०१८ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये सुखोई विमाने कोसळल्याचा अनुभव घेतला आहे. त्या दुर्घटना टकरीच्या नव्हत्या आणि दोन्ही वेळी वैमानिक सुखरूप राहिले. परंतु अपघातस्थळी प्रथम पोहोचतो तो गावकरीच, ही गोष्ट त्यांतून दिसून आली.

एकत्र उडण्याची विद्या

‘सूर्यकिरण’ पथकाची स्थापना १९९६ साली बीदर येथे झाली. बीदर जिल्हा कर्नाटकात असला तरी त्याची सीमा लातूर व नांदेड या जिल्ह्यांना भिडलेली आहे. प्रारंभी हे पथक भारतीय बनावटीची किरण विमाने वापरीत असे. प्रशिक्षणासाठी विमाने अपुरी पडू लागल्याने २०११ मध्ये पथकाचे काम थांबविण्यात आले, आणि पुढे हॉक विमानांवर ते पुन्हा उभे राहिले. नऊ विमानांनी एकाच आकृतीत उडणे, त्याच आकृतीत गिरक्या घेणे आणि एकमेकांसमोरून येऊन निसटून जाणे, असे त्यांच्या कसरतींचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ही केवळ मनोरंजनाची बाब नव्हे. जवळ राहून, दुसऱ्यावर विश्वास ठेवून उडण्याचे शिक्षण प्रत्येक लढाऊ वैमानिकाला घ्यावेच लागते, आणि या कसरती म्हणजे त्याच शिक्षणाचे अत्यंत काटेकोर रूप होय.

या उड्डाणांतील धोका दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार निकट रचनेचा. येथे दोन विमानांतील अंतर काही मीटरच असते. अशा वेळी साथीदार वैमानिक क्षितिजाकडे किंवा उंचीच्या मापकाकडे पाहत नाही. त्याची दृष्टी अग्रणी विमानावरील दोन ठरावीक खुणांवर खिळलेली असते आणि त्या खुणा एका रेषेत ठेवणे हेच त्याचे काम असते. दोन विमानांत पाच मीटरचे अंतर असेल आणि त्यांतील एक दुसऱ्याकडे सेकंदाला केवळ दोन मीटर या वेगाने सरकू लागले, तर अडीच सेकंदांत स्पर्श होतो. सेकंदाला दोन मीटर ही झपाझप चालणाऱ्या माणसाची गती आहे. याशिवाय प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे निर्माण होतात. त्यांत सापडलेले शेजारचे विमान वैमानिकाच्या इच्छेविरुद्ध कलंडू शकते.

दुसरा प्रकार समोरासमोरच्या कसरतींचा. दोन विमाने प्रत्येकी ताशी ६०० किलोमीटर वेगाने परस्परांकडे येत असतील, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला सुमारे ३३३ मीटरने घटते. एक किलोमीटर अंतर तुटण्यास तीन सेकंद पुरतात. हॉक विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे दहा मीटर आहे. एक किलोमीटरवरून हा विस्तार पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षा किंचितच मोठा दिसतो, आणि समोरून पाहता विमानाचे अंग तर अगदी बारीक असते. समोरून येणारे अनपेक्षित विमान दिसणे, ते ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांस एकूण साडेबारा सेकंद लागतात, असा हिशेब अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शक परिपत्रकात दिलेला आहे. कसरतीतील वैमानिकास समोरच्याची अपेक्षा असते, त्यामुळे त्याला इतका वेळ लागत नाही. तथापि त्याच्याजवळची शिल्लक किती थोडी असते, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

आणखी एक गोष्ट आहे. दोन विमाने सरळ मार्गाने आणि स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे जात असतील, तर एकाच्या काचेतून दुसरे विमान जागचे हलताना दिसत नाही. ते एकाच ठिकाणी स्थिर असल्यासारखे भासते आणि फक्त मोठे होत जाते. डोळा हालचाल चटकन टिपतो, स्थिर ठिपक्याकडे मात्र त्याचे दुर्लक्ष होते. म्हणजे ज्या विमानापासून खरा धोका आहे, तेच डोळ्याला सर्वांत कमी जाणवते. टकरीनंतर “दिसले कसे नाही?” असा प्रश्न सहजपणे विचारला जातो. त्याचे उत्तर पुष्कळदा निष्काळजीपणात नसून दृष्टीच्या या स्वभावात असते.

पहिला दिवस

एकच विमान कोसळते तेव्हा अवशेष बहुधा एका जागी सापडतात. टकरीत तसे होत नाही. टकरीच्या क्षणी निखळलेले तुकडे वाटेतच गळून पडतात, हलके पत्रे वाऱ्याबरोबर वाहत जातात आणि मुख्य सांगाडे बरेच पुढे जाऊन दोन वेगवेगळ्या ठिकाणी आदळतात. जो भाग सर्वांत आधी सुटला, तो सामान्यतः उड्डाणमार्गावर सर्वांत मागे सापडतो. म्हणून मुख्य अपघातस्थळापासून दूर, एखाद्या बांधावर किंवा विहिरीच्या काठावर पडलेला हातभर पत्रा हाच सर्व तपासाचा आरंभबिंदू ठरू शकतो. त्या पत्र्यावर दुसऱ्या विमानाचा रंग लागलेला असण्याचा संभव असतो.

असा पत्रा कोणी कुतूहलाने घरी नेला, भंगारात घातला किंवा “सरकारी माल सुरक्षित राहावा” या सद्हेतूने उचलून चावडीवर आणून ठेवला, तर त्याचे मोल जवळजवळ नाहीसे होते. तो कोठे, कोणत्या स्थितीत पडला होता, ही माहितीच त्याच्यातील खरी माहिती असते. यास्तव अवशेष जागेवरून न हलविणे हा तपासाचा पहिला नियम आहे. जखमींना वाचविणे आणि आग विझविणे यांसाठी काही हलवावे लागले, तर ते अवश्य हलवावे, कारण मनुष्याचा जीव पुराव्यापेक्षा श्रेष्ठ आहे. मात्र काय हलविले आणि मूळ जागा कोणती होती, याची नोंद व छायाचित्र ठेवावे. पंचनाम्याची सवय असलेल्या पोलीस पाटलास किंवा महसूल कर्मचाऱ्यास हे नवीन नाही.

दुसरा नियम सुरक्षिततेचा आहे. लष्करी विमानातील आसन हे स्फोटकांच्या व अग्निबाणाच्या जोरावर बाहेर फेकले जाते. ते आसन न उडताच विमान कोसळले असेल, तर त्यातील स्फोटके तशीच जिवंत राहिलेली असू शकतात. काही विमानांच्या काचेच्या छतातही ते फोडण्यासाठी स्फोटक दोर बसविलेला असतो. इंधन, दाबाखालील नळकांडी आणि जळालेल्या संमिश्र पदार्थांची धूळ यांचाही अपाय होतो. म्हणून मुलांना व बघ्यांना दूर ठेवणे, वाऱ्याच्या दिशेकडे पाहून उभे राहणे आणि तज्ज्ञ येईपर्यंत दोर बांधून जागा राखणे, एवढे काम गावाने केले तरी ते फार मोठे साहाय्य ठरते. या बाबतीत शाळेतील शिक्षकाचा शब्द गावात जितका चालतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाचा चालत असेल.

अवशेषांची साक्ष

अवशेष गोळा झाल्यावर ते एखाद्या मोठ्या शेडमध्ये विमानाच्या आकारात मांडले जातात. त्यानंतर त्यांचे वाचन सुरू होते. एका विमानाचा रंग दुसऱ्याच्या पत्र्यावर लागला असेल, तर कोणता भाग कोणत्या भागास भिडला हे कळते. ओरखड्यांची दिशा पाहिली की टकरीच्या क्षणी दोन विमाने एकमेकांशी कोणत्या कोनात होती, हे भूमितीने काढता येते. अमेरिकेत ३० जून १९५६ रोजी ग्रँड कॅनियनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ जण मृत्युमुखी पडले. कोणीही बचावले नव्हते आणि आजच्या अर्थाने नोंदणीयंत्रेही त्या विमानांत नव्हती. तरीही रंगाचे डाग, ओरखडे आणि पंख्याच्या पात्यांनी पाडलेले छेद यांवरून टक्कर कशी झाली, हे तपासकांनी निश्चित केले. आज नोंदणीयंत्रे आली आहेत, पण ही जुनी विद्या निरुपयोगी झालेली नाही.

लहानसहान वस्तूही बोलक्या असतात. धोक्याची सूचना देणारा दिवा आघाताच्या वेळी पेटलेला असेल, तर त्याची तापलेली तार ताणली जाते; विझलेला असेल, तर ती थंड तार तशीच राहते किंवा तुटते. मापकाचा काटा आघाताने तबकडीवर आपटून खूण ठेवतो. हाडे, पट्टे आणि शिरस्त्राण यांच्या तपासणीवरून वैमानिक शेवटच्या क्षणी काय करीत होता, याचा अंदाज वैद्यकीय तज्ज्ञ देतात. सूर्य त्या वेळी आकाशात कोठे होता, हे पंचांगाच्या गणिताने काढून तो वैमानिकाच्या डोळ्यांवर येत होता का, हेही पाहिले जाते.

कसरती पथकांच्या बाबतीत आणखी एक अनुकूलता असते. प्रत्येक सरावाचे जमिनीवरून चित्रीकरण होते, कारण उड्डाणानंतर सर्वांनी एकत्र बसून ते पाहावयाचे आणि प्रत्येकाने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगावयाची, अशी या पथकांची शिस्त आहे. त्या सभेत नेत्यालाही सूट नसते.

प्रत्यक्षदर्शींची साक्ष मौल्यवान असते, पण ती घेण्याची रीत आहे. प्रत्येकाचे म्हणणे लवकर आणि एकेकट्याने ऐकावे. चारचौघांत चर्चा झाली की प्रत्येकाच्या आठवणीत दुसऱ्याने सांगितलेले मिसळते. “आग आधी लागली की टक्कर आधी झाली?” असे विचारण्याऐवजी “काय दिसले ते सांगा” असे म्हणावे. साक्षीदार कोठे उभा होता आणि त्याचे तोंड कोणत्या दिशेस होते, हे त्याच जागी जाऊन नोंदवावे. गावकऱ्याचे शब्द तांत्रिक भाषेत न बदलता जसेच्या तसे लिहून घ्यावेत.

‘काय’ नंतर ‘का’

इतके झाले म्हणजे ‘काय घडले’ ते कळते. ‘का घडले’ हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मॉसबँकजवळ १० डिसेंबर २००४ रोजी ‘स्नोबर्ड्स’ या हवाई कसरती पथकाची दोन ट्यूटर विमाने सरावात आदळली. दोन्ही विमानांनी एका बिंदूपासून विरुद्ध दिशांना निघून उभे वर्तुळ काढावयाचे आणि वर्तुळाच्या माथ्यावर एकमेकांना ओलांडावयाचे, अशी ती कसरत होती. कॅप्टन माइल्स सेल्बी यांचा अंत झाला. कॅप्टन चक मॅलेट आसनासह बाहेर फेकले गेले, पडता पडता त्यांनी पट्टे सोडविले आणि हवाई छत्री उघडून ते बचावले. अशा अपघातात तपास “दोघे माथ्यावर भेटले” एवढ्यावर संपत नाही. माथ्यावर असताना प्रत्येकास दुसरा कोणत्या पार्श्वभूमीवर दिसत होता, अंतर राखण्याची जबाबदारी नेमकी कोणावर होती, दृष्टी सुटली तर कोणी कोणत्या दिशेस वळावयाचे हे आधी ठरले होते का, आणि ते दोघांच्याही मनात सारखेच होते का, असे अनेक प्रश्न विचारावे लागतात.

कधी कारण विमानातच असते. अमेरिकेच्या ‘थंडरबर्ड्स’ पथकाची चार विमाने १८ जानेवारी १९८२ रोजी नेवाडा राज्यात सराव करताना एकाच वेळी जमिनीवर आदळली आणि चारही वैमानिक मृत्यू पावले. येथे विमाने एकमेकांस धडकली नव्हती. अग्रणी विमानाच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाल्याने ते वेळेवर वर उचलले गेले नाही, असा अधिकृत निष्कर्ष निघाला. उरलेल्या तिघांच्या नजरा अग्रणीवर होत्या, त्यामुळे जमीन जवळ आल्याचे त्यांना कळण्याची शक्यता फार थोडी होती. ज्या विश्वासावर ही विद्या उभी आहे, त्या विश्वासाचीच ही दुसरी बाजू होय.

कधी कारण कार्यालयात असते. अमेरिकेतच ८ जून १९६६ रोजी एक्सबी-७० हे प्रचंड प्रायोगिक विमान आणि त्याच्या शेजारून उडणारे एफ-१०४ विमान यांची टक्कर झाली. इंजिने बनविणाऱ्या एका कंपनीला आपली इंजिने बसविलेली विमाने एकत्र उडतानाचे छायाचित्र हवे होते, एवढ्यासाठी ते उड्डाण योजले होते. प्रख्यात वैमानिक जोसेफ वॉकर आणि मोठ्या विमानाचे सहवैमानिक कार्ल क्रॉस यांचे प्राण त्यात गेले. शेजारच्या विमानास अंतर जोखण्यासाठी पुरेशा खुणा दिसत नव्हत्या आणि मोठ्या पंखामागच्या भोवऱ्याने ते ओढले गेले, हे तांत्रिक कारण झाले. परंतु चौकशीत असेही आढळले की, या उड्डाणाची परवानगी योग्य मार्गाने वरिष्ठांपर्यंत गेलेली नव्हती. एखाद्या प्रस्तावावर “हरकत नाही” असे लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास अपघातांविषयी एक उपयुक्त कल्पना मांडली. प्रत्येक संस्थेत सुरक्षिततेच्या अनेक भिंती असतात. नियम, प्रशिक्षण, देखरेख, यंत्रे आणि शेवटी माणसाची सावधानता. प्रत्येक भिंतीला काही छिद्रे असतातच. एरवी ती एका ओळीत येत नाहीत. ज्या दिवशी सर्व छिद्रे एका रेषेत येतात, त्या दिवशी अपघात होतो. शेवटची भिंत म्हणजे वैमानिक. तो सर्वांना दिसतो म्हणून बोट त्याच्याकडे जाते, पण आधीच्या भिंतींची छिद्रे न बुजविता वैमानिक बदलला, तर पुढच्या वर्षी नवा वैमानिक त्याच जागी उभा असतो.

दोष आणि कारण

येथे या विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचता येते. अपघातानंतर दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. ‘हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?’ हा एक, आणि ‘याला जबाबदार कोण?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न न्याय्य आहेत. पण ते एकाच मेजावर, एकाच माणसाने, एकाच वेळी विचारले, तर बहुधा दुसरा प्रश्न पहिल्याला गिळून टाकतो.

जो वैमानिक बचावला आहे, त्याच्याजवळ अशी माहिती असते की जी कोणत्याही यंत्रात नोंदलेली नसते. त्या सकाळी झोप अपुरी होती का, अमुक वळणावर साथीदार क्षणभर दिसेनासा झाला होता का, हीच शंका आठवड्यापूर्वीही आली होती पण बोलण्याचा संकोच वाटला का? विमानाच्या दुरुस्तीची नोंद करणाऱ्या तंत्रज्ञाचेही तसेच. आपला प्रत्येक शब्द शिक्षेसाठी वापरला जाईल, अशी भीती त्यांना वाटली, तर ते गप्प बसतील. मनुष्यस्वभावाला धरूनच ते आहे. परंतु त्या मौनाची किंमत पुढच्या तुकडीतील तरुणांना मोजावी लागते.

नागरी विमान वाहतुकीत हा भेद जगाने मान्य केला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिकागो करारास जोडलेले तेरावे परिशिष्ट १९५१ मध्ये प्रथम स्वीकारले गेले. अपघातांची पुनरावृत्ती टाळणे हा तपासाचा एकमेव हेतू असून दोष किंवा दायित्व ठरविणे हा त्याचा हेतू नाही, असे त्यात नमूद आहे. भारतात नागरी विमानांच्या अपघातांचा तपास करण्यासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला, तोही याच तत्त्वावर. लष्करी विमाने या व्यवस्थेत येत नाहीत. त्यांच्या अपघातांसाठी हवाई दल स्वतःची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमते. अमेरिकेचे हवाई दल दोन वेगळी मंडळे नेमते. एक मंडळ केवळ सुरक्षिततेसाठी तपास करते आणि त्याच्यापुढे विश्वासाने सांगितलेले गोपनीय राहते. दुसरे मंडळ जनतेसाठी व कायदेशीर कामासाठी स्वतंत्रपणे वस्तुस्थिती नोंदविते आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध होतो. कॅनडातही सुरक्षिततेचा तपास शिस्तभंगाच्या कारवाईपासून अलग ठेवला जातो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मग अपराधी मोकळा सुटेल. तसे होत नाही. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याविरुद्ध शिस्तीची व कायद्याची कारवाई आहेच. ती स्वतंत्रपणे, स्वतंत्र पुराव्यावर व्हावी, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या घरातील तरुण गेला, त्या घराला सत्य कळण्याचा हक्क नाही काय? निश्चितच आहे. भारतातील लष्करी चौकशीचे अहवाल सामान्यतः प्रसिद्ध होत नाहीत आणि त्यामागे संरक्षणाची कारणे असतात. तरीही साक्षीदारांची नावे व गोपनीय तपशील वगळून अपघातातून निघालेला धडा कुटुंबीयांपर्यंत आणि अन्य पथकांपर्यंत पोहोचविणे शक्य असते. ब्रिटनमध्ये अशा चौकशांचे अहवाल काही भाग झाकून प्रसिद्ध केले जातात. गोपनीयता साक्षीदाराच्या विश्वासासाठी असावी, गैरसोयीचे सत्य झाकण्यासाठी नव्हे, ही कसोटी दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे.

अशा वृत्तीने काय साधते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या ‘रेड ॲरोज’ पथकाची दोन हॉक विमाने २३ मार्च २०१० रोजी ग्रीसच्या क्रीट बेटावर कास्टेली येथे सरावात आदळली. फ्लाइट लेफ्टनंट माइक लिंग यांना विमान सोडावे लागले आणि ते जखमी झाले. फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड मॉन्टेनेग्रो यांनी आपले विमान सुखरूप उतरविले. रीतसर चौकशी झाली. पुढे लिंग यांनी अनेक वर्षे पथकाचे पर्यवेक्षक म्हणून काम केले, आणि मॉन्टेनेग्रो पथकाचे नेते झाले. अपघाताचा अनुभव घेतलेली माणसे संस्थेने टाकून दिली नाहीत. त्या अनुभवाचा उपयोग तिने करून घेतला.

अहवालानंतर

कारण सापडले तरी काम पुरे होत नाही. शिफारस अंमलात आली का, हे पाहणे उरते. पश्चिम जर्मनीत रामस्टाइन येथे २८ ऑगस्ट १९८८ रोजी इटलीच्या पथकाची तीन विमाने प्रदर्शन चालू असताना आदळली. तीन वैमानिक व ६७ प्रेक्षक, असे एकूण ७० जण दगावले. त्यानंतर विमानांनी प्रेक्षकांच्या दिशेने कसरती करण्यावर अनेक देशांत कडक बंधने आली. त्याच घटनेत असेही आढळले की, अमेरिकन आणि जर्मन वैद्यकीय पथकांची शिरेतून औषध देण्याची साधने एकमेकांस जुळत नव्हती. दोन्ही पथके तत्पर होती, दोघांजवळ साहित्य होते, पण ते एकमेकांच्या उपयोगी पडेना. आपत्तीच्या वेळी जिल्ह्यातील निरनिराळ्या खात्यांची साधने परस्परांस जुळतात का, हे आपत्तीपूर्वी तपासावे, असा बोध यातून निघतो.

गोव्यातील दाबोळी येथे १ ऑक्टोबर २००२ रोजी भारतीय नौदलाच्या एका स्क्वॉड्रनच्या रौप्यमहोत्सवी उड्डाणात दोन आयएल-३८ विमाने आदळली. विमानांतील बाराही जण गेले आणि जमिनीवरील नागरिकांनाही प्राण गमवावे लागले. समारंभाचे उड्डाण असो की सरावाचे, खालच्या वस्तीचा विचार त्याच्या आखणीतच व्हावयास हवा, हे त्या दिवसाने दाखवून दिले.

ही पद्धत विमानांपुरतीच आहे असे मानण्याचे कारण नाही. शाळेच्या सहलीत मूल बुडते, घाटात एसटी कोसळते, विहिरीच्या गाळात मजूर गुदमरतात. अशा प्रत्येक वेळी गावात पहिला प्रश्न निघतो तो ‘चूक कोणाची?’ हा. शिक्षक निलंबित होतो, चालकास मारहाण होते, आणि कठडा नसलेली विहीर तशीच राहते. त्याऐवजी ग्रामपंचायतीने घटनेनंतर थोड्याच दिवसांत संबंधितांना शांतपणे एकत्र बसवावे, जागा प्रत्यक्ष पाहावी, काय घडले ते क्रमाने लिहावे, कोणती भिंत कोठे खचली ते शोधावे, एक-दोन ठोस उपाय ठरवावेत आणि पुढील ग्रामसभेत त्यांची अंमलबजावणी झाली की नाही हे वाचून दाखवावे. पोलीस आणि न्यायालय आपले काम करतीलच. पंचायतीचे काम पुढचा अपघात टाळण्याचे आहे.

कसरती पथकातील वैमानिक उड्डाण संपल्यावर समोरासमोर बसून स्वतःची चूक स्वतः सांगतो, कारण दुसऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. शाळेत, कचेरीत आणि पंचायतीत अशी सवय रुजविण्यास कोणताही खर्च येत नाही. त्यासाठी वरिष्ठाने आधी स्वतःपासून आरंभ केला पाहिजे, आणि चूक सांगणाऱ्या कनिष्ठास त्या सांगण्याबद्दल शिक्षा होणार नाही, एवढी हमी दिली पाहिजे.